रुपयाचा पैसा कसा झाला?

आपल्या विहाराच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे समितीच्या बांधवांनी सांगितले. तेव्हा आम्ही विहाराची पहिली वही मागून घेतली. लाल कापडाची, १९७५ सालची वही आहे ती. घरटी दरमहा एक रुपया वर्गणी. कोणाचा पूर्ण रुपया जमा, कोणाचे आठ आणे जमा आणि आठ आणे बाकी. त्या बाकीपुढेही पुढच्या महिन्यात बरोबरची खूण केलेली आहे. आज आपण घरटी वीस रुपये देतो आणि मनातल्या मनात म्हणतो, वडिलांच्या वीसपट देतो. वास्तविक पाहता आपण त्यांच्यापेक्षा कमी देतो. हे कसे, तेवढेच या लेखात सांगायचे आहे. आम्ही काही अर्थशास्त्री नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आयुष्य गेले. पण पगाराचे पाकीट मोजणाऱ्याला रुपयाचा इतिहास कळलाच पाहिजे, असे आमचे मत आहे.

वडिलांची पॉलिसी

आमचे वडील धुळ्याच्या एका कापड गिरणीत दोन साचे सांभाळत. १९६४ साली कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी दोन हजार रुपयांची विम्याची पॉलिसी घेतली. मुदत वीस वर्षे. त्या वेळी दोन हजारांत आपल्यासारख्या वस्तीत दोन खोल्यांचे मातीचे घर होत होते. वडिलांचा हिशेब साधा होता. वीस वर्षे हप्ते भरू, मग स्वतःचे घर बांधू, भाड्याच्या खोलीतून सुटू. चहा सोडला, पण हप्ता चुकवला नाही.

१९८४ साली पैसे मिळाले. बोनस धरून साडेतीन हजारांच्या आसपास. आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होतो, त्यांच्यासोबत गेलो होतो. त्या पैशात घर झाले नाही. पत्रे आले, चार वासे आले, आणि सुताराची मजुरी भागली. वडील दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन भांडले. साहेबाने कागद पुढे केला. एक रुपयाही कमी दिलेला नव्हता. वडील घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "फसवलं तर आहे, पण कोणी फसवलं ते सापडत नाही."

आजी जवळच निवडण करत बसली होती. ती आपल्या अहिराणीत बोलली, "रुपया ते तोच शे, पन त्याना पोटमा दाना नही ऱ्हायना." रुपया तोच, पण त्याच्या पोटात दाणा राहिला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने एका वाक्यात जे सांगितले, तेच समजायला आम्हाला पुढे बरीच वर्षे आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक लागले.

बलुते आणि रुपया

आधी आजोबांकडे जाऊ. खानदेशचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, आणि त्यातूनच १९९८ साली नंदुरबार निघाला. आजोबा पूर्व खानदेशातल्या एका खेड्यात गावकीची कामे करत. मोबदला म्हणजे बलुते. खळ्यावर उरलेसुरले धान्य, तेही दारात उभे राहून मागायचे. त्यात एकच गोष्ट अशी होती की ज्वारी महाग झाली काय आणि स्वस्त झाली काय, पायली ती पायलीच. पण त्या पायलीसाठी मान खाली घालावी लागे. देणाऱ्याची मर्जी फिरली तर तीही बंद.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आणले. बलुत्याच्या ऐवजी रोख रक्कम मिळावी आणि ती सरकारने वसूल करून द्यावी, अशी त्यात तरतूद होती. त्या वेळी ते झाले नाही. ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. पण बाबासाहेबांचा रोख आपण लक्षात घ्यावा. रोख पैसा माणसाला मोकळा करतो. पैसे घेऊन कोणत्याही दुकानात जाता येते, कोणत्याही गावी राहता येते, पोराची फी भरता येते. आपली माणसे धुळ्याच्या, अमळनेरच्या, जळगावच्या, चाळीसगावच्या गिरण्यांत आली ती या रोख पैशासाठी.

मात्र ज्याने बलुत्याचा दाणा सोडून रुपया हाती घेतला, त्याचे सारे आयुष्य मग त्या रुपयावर अवलंबून राहिले. शेतवाल्याकडे शेत असते, व्यापाऱ्याकडे माल असतो, सावकाराकडे सोने असते. मजुराकडे फक्त रुपया असतो. तो रुपयाच आतून पोकळ होत गेला तर मजुराने जायचे कोठे? आमच्या समजुतीप्रमाणे, बाबासाहेबांनी इतर विषय सोडून रुपयाचा प्रश्न का घेतला याचे एक उत्तर येथे आहे.

बाबासाहेबांचा प्रश्न

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक तेथे जातात. आम्हीही लहानपणापासून जातो. त्यांची पावले कोठे पडली हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्यांनी रुपयाबद्दल काय लिहिले, हे विचारले तर आपण गप्प होतो.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या डॉक्टरेटसाठी लिहिलेला प्रबंध आहे. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी तो सादर केला. तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला, आणि १९२३ च्या शेवटी पदवी मिळाली. त्याच वेळी लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो पुस्तकरूपाने काढला. प्रस्तावना त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी लिहिली. विद्यार्थ्याचे सारे म्हणणे आपल्याला पटत नाही, असे सांगूनही त्यांनी त्याच्या ताज्या विचाराचे कौतुक केले. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली हा ग्रंथ सहाव्या खंडात छापला. आम्ही तो खंड रात्रपाळीनंतर शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. पहिल्या वाचनाला दोन वर्षे लागली.

ते लंडनला शिकत होते तेव्हा रुपयाची काय दशा होती पाहा. १९२० च्या सुरुवातीला रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्याही वर गेला होता. १९२१ मध्ये तो दीड शिलिंगाच्याही खाली आला. उसने-पासने करून परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे अशा वेळी काय होत असेल, ते सांगायला नको.

आता पुस्तकातला मुद्दा. १८३५ पासून इंग्रजांच्या मुलखात एकच रुपया चालू झाला. वजन एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. कोणीही चांदी टांकसाळीत न्यावी आणि रुपये पाडून आणावेत, अशी मोकळीक होती. म्हणजे रुपयाची किंमत त्याच्या पोटातल्या चांदीइतकी. पुढे १८७० नंतर जर्मनी वगैरे देशांनी चांदीचे नाणे सोडून सोन्याचे धरले आणि जगात चांदी स्वस्त झाली. पूर्वी दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. सरकारला विलायतेत पगार, पेन्शन, व्याज पौंडांत भरावे लागे. ते सरकारला जड जाऊ लागले. म्हणून १८९३ साली टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. यापुढे रुपये पाडणार फक्त सरकार. रुपया चांदीचाच दिसे, पण त्याची किंमत आता चांदीवर नव्हे, तर सरकारच्या हुकमावर ठरू लागली. पुढे एका रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स हा भाव धरला गेला. याला विनिमय पद्धत म्हणत. जॉन मेनार्ड केन्ससारख्या मोठ्या इंग्रज अर्थशास्त्र्याने १९१३ साली पुस्तक लिहून तिची तारीफ केली.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ आमच्या भाषेत असा. तुम्ही रुपयाची परीक्षा पौंडाशी करता, सोन्याशी करता. पण रुपयात बाजारातून काय काय येते, ही खरी परीक्षा. विलायतेतला भाव जागेवर राहिला आणि देशात धान्य, कापड महाग होत गेले, तर तो रुपया स्थिर नव्हे. आणि सरकारला हवे तेवढे रुपये पाडता येत असतील, तर आज ना उद्या ते जास्तच पाडले जाणार. माणूस चांगला आहे की वाईट, यावर ही गोष्ट सोडू नका. मर्यादा कायद्यातच घाला.

त्यांचा उपायही स्पष्ट होता. सरकारनेही रुपये पाडणे बंद करावे, सोन्याची टांकसाळ उघडावी, सोन्याचे नाणे आणि रुपया यांचे प्रमाण ठरवून दोन्ही चालू ठेवावीत. १५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी हेच मांडले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या सभांतून पुष्कळदा सांगतात की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी काढली. मोबाईलवर असेही फिरते की दर दहा वर्षांनी नोटा बदला, असे त्यांनी या पुस्तकात लिहिले आहे. आम्ही पुस्तक दोनदा वाचले. नोटा बदलण्याचे ते वाक्य आम्हाला सापडले नाही. रिझर्व्ह बँकेची शिफारस हिल्टन यंग कमिशनने १९२६ साली केली, कायदा १९३४ साली झाला आणि बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. त्या कमिशनपुढे साक्ष दिलेल्यांत बाबासाहेब होते, हा अभिमानाचा भाग खराच. पण त्यांचा मुख्य उपाय कमिशनने स्वीकारला नाही, हेही खरे. बाबासाहेबांना मोठे करायला खोट्याची गरज नाही. त्यांनी जे खरे सांगितले तेच आपल्या कामाचे आहे.

स्वस्त रुपया कोणाला हवा होता?

त्याच वेळी एक मोठा वाद चालू होता. रुपयाचा भाव १६ पेन्स ठेवायचा की १८ पेन्स? ऐकायला दोन पेन्सचा फरक. पण हिशेब मांडून पाहा. पौंडाचे पेन्स २४०. सोळाच्या भावाने एका पौंडाचे १५ रुपये होतात. अठराच्या भावाने १३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे जो व्यापारी कापूस विलायतेला विकून पौंड आणतो, त्याला स्वस्त रुपयात जास्त रुपये मिळतात. गिरणी मालकालाही स्वस्त रुपया सोयीचा, कारण परदेशी कापड महाग होऊन त्याचे कापड खपते. मुंबईच्या बहुतेक गिरणी मालकांनी आणि व्यापाऱ्यांनी १६ पेन्स मागितले. कमिशनमधले सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्यासाठी वेगळी मतपत्रिका जोडली.

बाबासाहेबांनी विचारले की हा जो नफा होतो तो येतो कोठून? देश काही एकदम श्रीमंत होत नाही. रुपया स्वस्त झाला की बाजारातल्या वस्तू महागतात, पण मजुरी लगेच वाढत नाही. ती मागून रखडत येते. मधल्या काळात मजुराच्या ताटातून जे कमी होते, तेच मालकाच्या वहीत नफा म्हणून जमा होते. चांदी घसरत होती त्या काळाबद्दलही त्यांनी पुस्तकात हाच विचार मांडला. म्हणून त्यांनी पगारावर आणि ठराविक उत्पन्नावर जगणाऱ्यांची बाजू घेऊन १८ पेन्सला पसंती दिली. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सच ठरले.

दुसरी बाजूही सांगतो. १९२९ नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले आणि चढ्या रुपयामुळे शेतकरी आणखी अडचणीत आला, असे पुष्कळांचे म्हणणे होते. खानदेशच्या कापूसवाल्यांना ते पटले असेल. कर्ज तेवढेच, सारा तेवढाच, आणि कापसाला भाव नाही. यावरून असे दिसते की रुपया एकाएकी स्वस्त झाला तर मजूर मरतो आणि एकाएकी महाग झाला तर कर्जदार मरतो. बाबासाहेबांचा सारा जोर होता तो रुपया स्थिर असावा यावर.

त्याच काळात जर्मनीत काय झाले ते जगाने पाहिले. सरकारने नोटा छापत राहिल्यामुळे १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख वीस हजार कोटी मार्क पडू लागले. ज्यांनी जन्मभर पैसे साठवले होते त्यांची पासबुके रद्दी झाली. आपल्याकडे तसे एका वर्षात कधी झाले नाही. आपल्याकडे ते हळूहळू झाले, म्हणून आरडाओरड झाली नाही.

जळगावची टोपली

रुपयाची खरी परीक्षा बाजारात, हे बाबासाहेबांनी सांगितले. पण ती परीक्षा घ्यायची कशी? याचे उत्तर आपल्या खानदेशाशी जोडलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल.

मुंबई सरकारच्या कामगार खात्याने कामगारांच्या राहणीखर्चाचे निर्देशांक काढायला सुरुवात केली. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर ही मोठी गिरणगावे तर होतीच. त्यांच्या पंक्तीत चौथे नाव जळगावचे होते. जळगावचा आकडा ऑगस्ट १९३९ म्हणजे १०० असे धरून काढत. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या अगदी आधीचा तो महिना. लढाई सुरू झाली, धान्य-रॉकेल मिळेना, भाव भडकले. मग जळगावच्या गिरणी कामगाराची भाकरी किती महागली, हे सरकारी कागदावर येऊ लागले.

पद्धत अशी. आधी कामगारांच्या घरी जाऊन विचारायचे की महिन्याला ज्वारी किती लागते, डाळ किती, तेल किती, धोतर-लुगडे किती, खोलीभाडे किती. त्यावरून एक टोपली ठरवायची. मग दर आठवड्याला ठरलेल्या दुकानांत जाऊन भाव टिपायचे आणि तीच टोपली आता कितीला पडते ते पाहायचे. शंभराची टोपली दोनशेला पडू लागली, म्हणजे रुपया अर्धा झाला. महागाई भत्ता या आकड्यावर बसतो. हा भत्ता म्हणजे मालकाची दया नव्हे. रुपयाच्या पोटातून जो दाणा गळाला, तो परत मागण्याचा तो हक्क आहे.

तो आकडाही डोळे मिटून मान्य करू नये, हे कामगारांनी शिकवले. मुंबईचा निर्देशांक महागाई कमी दाखवतो अशी ओरड झाली, तेव्हा १९६३ साली प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. आकड्यात खोट आहे, असे समितीला आढळले आणि दुरुस्ती करावी लागली. आमचे वडील सांगत, त्या वर्षी गिरणीच्या फाटकावर निर्देशांक हा शब्द न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी होता.

आता हिशेब

स्वातंत्र्यानंतर रुपयाचे परदेशातले मोल सरकारने तीनदा जाहीरपणे उतरवले. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉलर ३ रुपये ३१ पैशांच्या हिशेबावरून ४ रुपये ७६ पैशांवर गेला. ६ जून १९६६ रोजी तो ७ रुपये ५० पैशांवर गेला. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा रुपया उतरवला, आणि त्याच वर्षी देशाचे सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. आज डॉलर ऐंशीच्याही बराच पुढे आहे. १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, असे पोरे मोबाईलवर दाखवतात. ते खरे नाही. तेव्हाही डॉलरला तीन रुपयांहून जास्त पडत.

पण डॉलरच्या भावाने घाबरून जाऊ नये. जपानमध्ये एका डॉलरला शंभराहून जास्त येन पडतात, म्हणून जपानचा कामगार भिकारी नाही. त्याच्या पगारात येन तेवढे आहेत. आपण विचारायचे ते हे, की एका दिवसाच्या मजुरीत दादरची ज्वारी किती येते, तुरीची डाळ किती येते, गॅसची टाकी किती दिवसांच्या कामाने येते.

केंद्र सरकारचा कामगार ब्यूरो औद्योगिक कामगारांचा निर्देशांक काढतो. त्याची टोपली १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ अशी बदलत आली. जुनी मालिका नव्या मालिकेला जोडायला आकडे दिलेले आहेत. ते ४.९३, ४.६३ आणि २.८८ असे आहेत. या तिघांचा गुणाकार करा. साधारण ६५.७ येतो. म्हणजे १९६० साली एक रुपयाला मिळणारी टोपली २०१६ साली ६५ रुपये ७० पैशांना पडू लागली. त्यानंतरही निर्देशांक शंभराचा एकशे चाळीसच्या वर गेला. म्हणजे आता नव्वद रुपयांच्याही पुढे. उलट बाजूने सांगायचे तर १९६० च्या मानाने आजचा रुपया म्हणजे जेमतेम एक पैसा.

आणि गंमत पाहा. तो एक पैसाही आज राहिलेला नाही. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, सोळा आण्यांच्या जागी शंभर पैसे झाले. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून गेली. आपला रुपया घसरत घसरत ज्या नाण्याइतका झाला, ते नाणेच सरकारने काढून घेतले. वडिलांना फसवणारा सापडत नव्हता, तो हाच. तो पकडता येत नाही, कारण तो रोज थोडेसेच नेतो.

आता आमच्या वडिलांचे १९६० चे पाकीट. हातात ९० रुपये येत. त्याला नव्वदने गुणा. आजचे आठ हजार शंभर. आमच्या गल्लीतल्या दोन पोरांना आम्ही विचारले. दोघेही ठेकेदाराकडे आहेत. एकाला नऊ हजार, दुसऱ्याला साडेनऊ. पाऊणशे पैशांचा मोबाईल नाही हो, हजारांचा मोबाईल हातात आहे म्हणून आपल्याला वाटते आपण पुढे गेलो. घरात शिक्षण आले, पंखा आला, हे नाकारत नाही. पण पासष्ट वर्षांनंतर आजोबाच्या आणि नातवाच्या पाकिटात हजाराचाच फरक असेल, तर विचार केला पाहिजे. आजोबाला निदान कायमची नोकरी होती आणि भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता.

आपण काय करावे

२०१६ पासून महागाई वर्षाला चार टक्के असावी, फार तर सहा, असे रिझर्व्ह बँकेला कायद्याने बांधून दिले आहे. मर्यादा कायद्यात हवी, या बाबासाहेबांच्या विचाराची आठवण व्हावी अशी ही गोष्ट आहे. पण चार टक्केही नीट मोजा. दरवर्षी चार टक्के भाव वाढले तर साधारण अठरा वर्षांत रुपया अर्धा होतो. म्हणजे कायदा तंतोतंत पाळला तरीही! ज्याचा पगार दरवर्षी वाढतो त्याचे भागते. ज्याचा आकडा गोठलेला आहे, त्याचे अर्धे जाते.

गोठलेले आकडे आपल्या वस्तीत घरोघर आहेत. गिरण्या बंद पडल्यावर जे म्हातारे घरी बसले त्यांचे पेन्शन घ्या. कर्मचारी पेन्शन योजनेत कमीत कमी पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये ठरले. पुढे दहा वर्षे उलटली तरी ते हजारच राहिले. त्याला भत्ता जोडलेला नाही. हजाराचा आकडा तोच, त्याच्या पोटातला दाणा दरसाल कमी.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. पहिली, किमान वेतनात राज्य सरकार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता जाहीर करते. तो निर्देशांकावर असतो. आपल्या पोरापोरींनी पगाराच्या चिठ्ठीत तो पाहावा, नसेल तर विचारावे, एकट्याने नव्हे, मिळून विचारावे. दुसरी, धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणींनी काम धरतानाच दरवर्षीची वाढ बोलून घ्यावी. तिसरी, वीस वर्षांनंतरच्या कामासाठी पैसे बाजूला काढताना आजच्या भावाने हिशेब करू नये. आमच्या वडिलांची चूक तीच होती. चौथी, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि किराण्याच्या वह्या रद्दीत घालू नका. विहाराच्या ग्रंथालयात आणून द्या. राजांचा इतिहास लिहायला ताम्रपट असतात. आपला इतिहास या चिठ्ठ्यांत आहे.

पुन्हा त्या लाल वहीकडे येतो. १९७५ चा एक रुपया म्हणजे आजचे पंचवीसहून जास्त रुपये. आपण देतो वीस. ज्यांच्या घरात एकच पाकीट येत होते, पावसाळ्यात छप्पर गळत होते, त्यांनी आपल्यापेक्षा जास्त दिले आणि हे विहार उभे केले. ज्यांनी आठ आणे बाकी ठेवली, त्यांनी तीही पुढच्या महिन्यात फेडली. वर्गणी वाढवा, असे आम्ही सांगत नाही. ज्याला जमेल त्याने द्यावे. पण त्यांच्या रुपयाला एक रुपया म्हणून हसू नका. तो भरलेला रुपया होता.

जय भीम.